संगणकावर बसविलेली भाषा संगणकासच सापडत नाही तेव्हा
(कोळवण, ता. मुळशी येथील शिक्षकांपुढील भाषण)



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने इयत्ता सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा परिचय सुचविला आहे. त्यासाठी पायथन ही भाषा पुष्कळ ठिकाणी निवडली जाते. गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. ती विनामूल्य मिळते आणि तिची वाक्यरचनाही सुटसुटीत आहे. परंतु पहिला धडा सुरू होण्यापूर्वीच एक अडथळा उभा राहतो.

समजा, कोळवण खोऱ्यातील एखाद्या शाळेत गुरुजींनी आपल्या मोबाईलच्या इंटरनेटवर पायथन उतरवून घेतले व संगणकावर बसविले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘पायथन’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून दिला. एका मुलीने तो जसाच्या तसा टाइप केला; पडद्यावर उत्तर आले की, ही आज्ञा ओळखीची नाही. ‘नीट लिही’, असे गुरुजी म्हणाले. तिने पुन्हा लिहिले, उत्तर तेच. तिसऱ्या वेळी तिने हात मागे घेतला. वास्तविक चूक तिची नव्हती, आणि भाषा बसविण्यातही कसूर झाली नव्हती.

वाडीवर नवे घर उभे राहिले, पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये त्याची नोंद झाली नाही, तर घर असूनही दप्तरी ते नसतेच. संगणकाचेही असेच आहे. आज्ञा मिळाली की तो सारी डिस्क धुंडाळीत बसत नाही. ‘पाथ’ नावाच्या यादीत जे फोल्डर नोंदलेले असतील तेवढेच क्रमाने पाहतो. पायथन बसविताना पहिल्याच पडद्यावर तळाशी पाथमध्ये नोंद करण्याची चौकट असते. ती आपोआप निवडलेली नसते, आणि घाईत तीच राहून जाते. अशा वेळी पुन्हापुन्हा उतरवून घेण्यात डेटा मात्र खर्ची पडतो.

विंडोजवर प्रथम कमांड प्रॉम्प्टमध्ये केवळ पी आणि वाय ही दोन अक्षरे लिहून पाहावीत. पाथमध्ये पायथनची नोंद नसतानाही ही आज्ञा बहुधा चालते. चालली तर भाषा जागेवर आहे हे निश्चित झाले. त्यानंतर मूळ इन्स्टॉलर पुन्हा उघडून ‘मॉडिफाय’ निवडावे व पुढील पर्यायांत पाथची चौकट भरावी. यादी हाताने दुरुस्त करण्याचा मोह टाळलेला बरा. जुनी नोंद चुकून पुसली गेली तर दुसरेच काही बंद पडते.

नोंद झाल्यावरही उत्तर पूर्वीचेच येते, आणि येथे पुष्कळांचा धीर सुटतो. कारण साधे आहे. उघडी असलेली विंडो आपण उघडलो त्या वेळचीच यादी जवळ बाळगून असते. ती बंद करून नवी उघडावी.

कधी पायथनऐवजी मायक्रोसॉफ्टचे दुकानच पडद्यावर येते. विंडोज १० मध्ये २०१९ पासून या नावाचा एक आडमार्ग ठेवलेला आहे. सेटिंग्जमधील ‘ॲप एक्झिक्युशन एलियासेस’ येथे तो बंद करता येतो.

उबुंटू असलेल्या संगणकावर प्रकार निराळा. तेथे पायथन बहुधा आधीपासूनच असते, परंतु हाक मारावयाची ती ‘पायथन३’ अशी. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला. जुन्या पुस्तकांतील आज्ञा म्हणूनच फसतात.

एकाच संगणकावर दोन पायथन असले म्हणजे घोटाळा वाढतो. लिहिण्याचे सॉफ्टवेअर एकाकडे पाहते आणि जोडग्रंथालय दुसऱ्यात बसलेले असते. त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इंटरप्रिटर’ कोणता निवडला आहे, ते आधी पाहावे.

एवढा खटाटोप जेथे शक्य नाही, तेथे एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात तयार झालेले ‘थॉनी’ घ्यावे. त्याच्या पोटातच पायथन असते. पाथचा प्रश्न उद्भवत नाही. धड्याच्या आदल्या दिवशी, मुले येण्यापूर्वी, प्रत्येक संगणकावर एक ओळ चालवून पाहावी. आणि त्या मुलीस पहिली ओळ पुन्हा लिहावयास बोलवावे.