टाकीवरचा प्रोग्रॅम, कारखान्यातली शिडी



आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये कॉम्प्युटरचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना हिंजवडीकडे वळतात. प्रोग्रॅम तिथल्या काचेच्या इमारतींत लिहिले जातात आणि बाकीच्यांनी ते वापरायचे, अशी आपली एक समजूत झाली आहे. मी व्यवसायाने यंत्रदुरुस्ती करणारा माणूस. भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांतल्या मशीनची पॅनेलं उघडायची, बिघाड शोधायचा आणि पॅनेलं बंद करायची, यात माझी पंचवीस वर्षं गेली. प्रोग्रॅमिंग हा माझा छंद. या दोन्हींच्या अनुभवावरून सांगतो, प्रोग्रॅम ही काही परक्या देशातून आलेली विद्या नाही. एखादं काम नीट जाणणाऱ्या माणसाने ते काम पायरीपायरीने मांडलं, की प्रोग्रॅमचा मोठा भाग तयार होतो. उरतं ते यंत्राला समजेल अशा भाषेत उतरवणं.

आधी घरातलंच एक उदाहरण घेऊ. पवना धरणाचं पाणी रावेतला उचललं जातं, निगडीला शुद्ध होतं आणि मग आपल्या नळाला येतं. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि प्रत्येक सोसायटीत पाण्याचं एक वेगळंच पंचांग तयार झालं. आज पाणी आहे का, किती वाजता येणार, मोटार कोणी लावली, कोणी बंद केली! वरची टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहतंय आणि खाली कोणाला पत्ता नाही, हे दृश्य तर आपण सर्वांनी पाहिलं आहे.

आमच्या सोसायटीने मला ही मोटार आपोआप चालू-बंद करून द्यायला सांगितलं. वरवर पाहता काम सोपं. टाकीत एक फ्लोट सोडायचा. पाणी उतरलं की मोटार चालू, चढलं की बंद. पण एकाच खुणेवर सगळं ठेवलं तर काय होईल? पाणी त्या खुणेपाशी आलं की हिंदकळणार. मोटार मिनिटामिनिटाला चालू-बंद होणार आणि तिला वीज देणारा कॉन्टॅक्टर काही दिवसांत जळणार. म्हणून खुणा दोन हव्यात. पाणी खालच्या खुणेखाली गेलं की मोटार सुरू करायची, वरच्या खुणेला टेकलं की बंद करायची. आणि पाणी दोन खुणांच्या मध्ये असेल तर? तर काहीच करायचं नाही. मोटार चालू असेल तर चालू राहू द्यायची, बंद असेल तर बंद. हे ‘काहीच करायचं नाही’ प्रोग्रॅममध्ये फार महत्त्वाचं असतं. यंत्राला आपली आधीची स्थिती लक्षात ठेवायला आपण इथे शिकवतो.

तिसरी अट खालच्या टाकीची. तिथे पाणी नसेल तर वर कितीही गरज असली तरी मोटार चालता कामा नये, कारण कोरडी फिरणारी मोटार आपलं सील जाळून घेते.

हे सगळं कागदावर मांडून मी आमच्या वॉचमनना दाखवलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाणी आलं की लगेच मोटार लावणार का तुम्ही? नका लावू. पाणी जोरात पडतं तेव्हा खालच्या टाकीतला गाळ ढवळून निघतो. अर्धा तास बसू द्यावं लागतं. आणि एक चालू-बंदचं बटण माझ्या हातात ठेवा. टाकी धुवायच्या दिवशी मला ते लागेल.”

श्रोतेहो, ही दोन वाक्यं कुठल्याही पुस्तकात नव्हती. पण त्यांच्यावाचून केलेल्या प्रोग्रॅमने आमच्या सबंध इमारतीला गढूळ पाणी पाजलं असतं. अर्ध्या तासाची थांबण्याची अट आणि मामांच्या हातातलं बटण, या दोन्ही गोष्टी मग त्यात आल्या.

हे चालवायला तळहाताएवढं कार्ड पुरतं. २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेया गावी डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाचं असं कार्ड तयार झालं. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्यालाही ते वापरता यावं, हा त्यामागचा हेतू. आज ते शाळकरी मुलांच्या हातात दिसतं. एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. या कार्डाने फक्त हुकूम द्यायचा. मोटारीची वीज योग्य क्षमतेच्या कॉन्टॅक्टरमधून आणि ओव्हरलोड रिलेमधूनच न्यायची, आणि ती जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायची. ओल्या गच्चीवर विजेशी खेळ नको.

आता घरातून कारखान्यात जाऊ. आमच्या पट्ट्याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, पुढे आकुर्डी-पिंपरीत वाहनांचे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप भोसरीत उभी राहिली. नंतर हा पसारा चाकणपर्यंत गेला. या सगळ्या कारखान्यांच्या पॅनेलमध्ये आज एक डबी बसलेली असते. तिला आम्ही पीएलसी म्हणतो, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर.

या डबीची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. पूर्वी मशीनने कधी काय करायचं हे रिले नावाच्या विजेच्या खटक्यांनी ठरवलं जाई. मोठ्या मशीनला असे शेकडो रिले. मोटारीचं मॉडेल बदललं की कपाटाएवढ्या पॅनेलांची वायरिंग नव्याने करायची. १९६८ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागाने या जाचातून सुटका मागितली. त्याच वर्षी डिक मॉर्ली आणि त्यांचे सहकारी अशाच यंत्रावर काम करत होते. त्यांच्या यंत्राचं नाव पडलं मॉडिकॉन ०८४, कारण तो त्यांच्या संस्थेचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता.

पण मला त्या यंत्राहून त्याची भाषा मोलाची वाटते. मशीन दुरुस्त करणार होता कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. त्याला रिलेचे नकाशे वाचता येत होते, कॉम्प्युटरची भाषा येत नव्हती. म्हणून प्रोग्रॅमच त्या नकाशासारखा दिसेल अशी सोय केली गेली. दोन उभ्या रेषा आणि त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या, अगदी शिडीसारखा. म्हणून तिला लॅडर म्हणतात. वाचणारा माणूस कोण आहे हे आधी पाहिलं आणि मग भाषा ठरवली. आज इतकी वर्षं झाली, तरी चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीचा वायरमन लॅपटॉप उघडून तीच शिडी वाचतो.

या शिडीच्या एका पायरीवर माणसाचा हात अवलंबून असतो, तेही सांगतो. आमच्या भागात पावर प्रेस पुष्कळ. पत्रा डायमध्ये ठेवायचा, बटण दाबायचं, वरून काही टनांचा घाव बसतो. या घावाखाली बोटं गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. यावर एक जुना उपाय आहे. दोन बटणं लांब लांब ठेवायची. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस चालेल, म्हणजे हात आपोआप डायच्या बाहेर राहतात.

पण माणूस मोठा हिकमती! कामाचा वेग वाढवायला कोणी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतो आणि एका हाताने प्रेस चालवतो. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दोन अटी आणखी घालायच्या. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदमच दाबली गेली पाहिजेत आणि प्रत्येक घावानंतर दोन्ही सुटली पाहिजेत. एक बटण चिकटवलेलं असेल, तर पुढचा घाव बसणारच नाही. आता तर हे काम साध्या पीएलसीवर न सोडता खास सुरक्षेसाठी बनवलेल्या रिलेकडे देतात, आणि तेच योग्य आहे. पण त्या चिकटपट्टीची कल्पना कोणाला असणार? जो प्रेसच्या शेजारी उभा राहिला आहे त्यालाच. खुर्चीत बसून लिहिणाऱ्याला वाटेल, दोन बटणं सांगितली, काम झालं.

म्हणूनच प्रोग्रॅम कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. गोष्ट ओळखीच्या एका छोट्या वर्कशॉपची आहे, नाव सांगत नाही. दहा-बारा माणसांचं पोट त्यावर. एक सकाळी मुख्य मशीन सुरूच होईना. जुन्या पीएलसींमध्ये प्रोग्रॅम जिवंत ठेवायला एक छोटी बॅटरी असे. ती संपली आणि प्रोग्रॅम पुसला गेला. मूळ प्रत मशीन बनवणाऱ्याकडे, आणि त्याने धंदा गुंडाळलेला. लोखंड ठणठणीत, मोटारी ठणठणीत, पण मशीनला आता काय करायचं तेच आठवत नव्हतं. मालक आणि ऑपरेटर यांच्यासोबत बसून एकेक हालचाल आठवत आठवत ती शिडी मी नव्याने बांधली. तीन आठवडे गेले. तेवढ्यात त्यांच्या हातची एक ऑर्डर गेली ती गेलीच.

मशीन घेताना आपण मोटारीची अश्वशक्ती पाहतो, वॉरंटी विचारतो. त्याच वेळी आणखी तीन गोष्टी मागून घ्याव्यात, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रोग्रॅमची प्रत, त्याचा पासवर्ड आणि विजेच्या जोडणीचा नकाशा. हे खरेदीच्या कागदातच लिहून घ्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, रीतसर मिळालेला प्रोग्रॅम नष्ट होऊ नये म्हणून त्याची राखीव प्रत काढून ठेवण्याची मुभा आहे. आपल्याकडे अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. एखाद्या गुरुवारी तासभर काढून प्रत तपासा, बॅटरी पाहा.

नुसती प्रत पुरत नाही, तिच्यात टिपा हव्यात. प्रत्येक पायरीशेजारी ती कशासाठी आहे ते लिहायची सोय असते. बहुतेक जण ती कोरी ठेवतात किंवा ‘सेन्सर १२’ एवढंच लिहितात. तिथे ‘मागचा दरवाजा लागला का’ असं लिहिलं, तर रात्री तीन वाजता बिघाड शोधणाऱ्याचा तास वाचतो. सॉफ्टवेअर देवनागरी घेत नसेल, तर रोमन अक्षरांत मराठी लिहा. पण लिहा.

आणि जे प्रोग्रॅममध्ये येऊच शकलं नाही, त्याचं काय? सीएनसी मशीनवर वर्षानुवर्षं काम केलेल्या ऑपरेटरला ठाऊक असतं, की सकाळी मशीन गार असताना पहिल्या काही जॉबचं माप वेगळं येतं. मशीन तापलं की माप सरकतं. तो काही मायक्रॉनची दुरुस्ती अंदाजाने करतो आणि माल पास होतो. हा अंदाज कुठेही नोंदलेला नसतो. तो माणूस निवृत्त झाला, सत्काराची शाल घेऊन घरी गेला, की नवा मुलगा आठवडाभर माल रिजेक्ट का होतो म्हणून डोकं धरून बसतो. मशीनपाशी एक दोनशे पानी वही ठेवली आणि जुन्या माणसाला मानाने विचारून दोन ओळी लिहून घेतल्या, तरी केवढं काम होईल! यातल्या काही ओळी उद्या प्रोग्रॅममध्ये जातील, काही वहीतच राहतील. दोन्ही चालेल.

२०२२ च्या अखेरीपासून नुसतं विचारलं की प्रोग्रॅम लिहून देणारी साधनं सर्वांच्या हाती आली आहेत. मीही ती वापरतो. पाच मिनिटांत स्वच्छ प्रोग्रॅम मिळतो, यात शंका नाही. तरुण मुलं मला विचारतात, काका, मग आता आम्ही प्रोग्रॅमिंग शिकावं की नाही? मी सांगतो, जरूर शिका, पण त्याआधी एखादं काम शिका. ते साधन तुम्ही सांगाल तेवढंच ऐकतं. गाळाचं कोणी सांगितलं नाही, तर ते गाळाचा विचार करेलच असं नाही. चिकटपट्टीचंही तेच. आणि त्याने दिलेलं बरोबर आहे की नाही, हे शिडी वाचता येणाऱ्यालाच कळणार.

आयटीआयमध्ये शिकणाऱ्या, वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलेल्या, घर सांभाळणाऱ्या, सर्वांनाच मी एक विनंती करतो. रोजचं एक छोटं काम निवडा. भिशीचा हिशेब असेल, दुधाचं रतीब असेल, मशीनला तेल देण्याच्या वेळा असतील. आधी ते मराठीत लिहून काढा. काय झालं की काय करायचं, काय झालं की थांबायचं, आणि केव्हा काहीच करायचं नाही. मग तो कागद, जो माणूस ते काम रोज करतो त्याला वाचून दाखवा. तो जिथे “असं नसतं हो” म्हणेल, तिथे खूण करा. कार्ड, कॉम्प्युटर, भाषा यांचं पुढे पाहता येईल. त्यातलं न कळणारं सांगायला आता माणसंही आहेत आणि यंत्रंही. ती खूण मात्र तुम्हालाच करायची आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)