आधी हिशेब, मग भाडं

आजच्या भाड्यावर पाणी सोडून इथं आलेल्या माझ्या गाडीमालक बंधू-भगिनींनो,

एक-दोन गाड्यांवर संसार चालवणाऱ्या, बहुतेक वेळा स्वतःच स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसांनी मला या अधिवेशनाचा अध्यक्ष केलं, याचा मला अभिमान वाटतो. मी मनापासून आभार मानतो आणि आपल्या सगळ्यांना छळणाऱ्या प्रश्नाकडे थेट वळतो. भाडं परवडत नाही, तरी आपण गाडी का लावतो?

कळंबोलीत, वाशीत, भिवंडीत रोज होणारं बोलणं आपल्याला पाठ आहे. फोन येतो, "नागपूरचा माल आहे, गाडी लावतो का?" आपण विचारतो, "किती देणार, शेठ?" पहिला आकडा शेठ बोलतो आणि मग आपण त्याच आकड्यावर हजार-पाचशे वाढवून मागत बसतो. परतीच्या मालाचं विचारलं, तर "ते तुमचं तुम्ही बघा" असं उत्तर येतं. हप्त्याची तारीख डोळ्यांसमोर असते, म्हणून आपण हो म्हणतो. बाजारात गाड्या जास्त आणि माल कमी असला की भाव पडणारच, हे खरं आहे. पण कोणत्या आकड्याखाली उतरायचं नाही, हे आपल्यालाच माहीत नसेल, तर मंदीत आपण बुडतोच, तेजीतही फसतो.

म्हणून आज एक साधा हिशेब तुमच्यापुढं मांडतो. समजा, दहा टायरची गाडी आहे. हप्ता, विमा, परमिट, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार, असा गाडी जागची हलली नाही तरी होणारा खर्च महिन्याला ९०,००० रुपये धरा. म्हणजे रोजचे ३,०००. महिन्याला ६,००० किलोमीटर गाडी चालली, तर हा खर्च किलोमीटरला १५ रुपये पडतो. ४,५०० किलोमीटरच चालली, तर २० रुपये. डिझेल लिटरला ९० रुपये आणि अॅव्हरेज ४ धरलं, तर डिझेलचे साडेबावीस रुपये. टायर, ऑइल, दुरुस्तीचे ६ रुपये. टोल धरण्याआधीच पहिल्या गाडीला किलोमीटरमागं साडेत्रेचाळीस रुपये लागतात आणि दुसऱ्या गाडीला साडेअठ्ठेचाळीस. हे पाच रुपये कुठं गेले? ते गोदामाच्या गेटबाहेर उभं राहण्यात गेले. तुमचे आकडे वेगळे असतील, ते तुम्ही घाला. स्वतः गाडी चालवत असाल, तर स्वतःचा पगारही धरा. आपली मेहनत फुकट धरणारा हिशेब खोटा असतो. आणि परतीचा माल पक्का नसेल, तर जातानाच्या भाड्यात दोन्ही वाटांचा खर्च निघतो का, ते आधी पाहा.

हा हिशेब हातात असला की बोलणं बदलतं. गाडी लावण्याआधी शेठला मोबाइलवर चार ओळी पाठवा: 'भिवंडी ते नागपूर, १५ टन, भाडं अमुक. खाली करायला पहिले २४ तास मोफत, पुढं रोज ३,००० हॉल्टिंग. हमाली-वाराई पार्टीची. पोहोच दिल्यापासून १५ दिवसांत बॅलन्स.' शेठकडून 'ओके' आल्याशिवाय गाडी लोडिंगला लावू नका. गेटवर पोहोचल्याची वेळ बिल्टीवर लिहून घ्या, त्यावर शिक्का घ्या. शिक्का नसेल तर हॉल्टिंग मागायला तोंड उरत नाही. कायमचं काम असेल, तर कराराच्या दिवशीचा डिझेलचा भावही लिहा. ४ च्या अॅव्हरेजला डिझेल चार रुपयांनी वाढलं की किलोमीटरमागं एक रुपया खर्च वाढतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचं सरकारी नियंत्रण उठलं. तेव्हापासून वर्षभराचं भाडं एकाच आकड्यावर बांधून घेणं म्हणजे सगळी जोखीम एकट्यानं उचलणं आहे.

दर कमी करण्याची एक चोरवाट आहे, ती म्हणजे ओव्हरलोड. टनाचा दर पडला की दोन टन जास्त भरायचा मोह होतो. जुलै २०१८ मध्ये तीन अॅक्सलच्या गाडीचं एकूण मान्य वजन २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टन झालं. माल तेवढाच राहिला, गाड्यांची क्षमता वाढली, आणि त्याचा दाब भाड्यावर आला. त्याच्याही वर माल भरला, तर आपणच आपला दर आणखी पाडतो. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि जादा टनामागं २,००० रुपये दंड आहे. ब्रेक निकामी झाले तर कसारा घाटात काय होतं, ते मी सांगायला नको.

आता अडकलेल्या बॅलन्सबद्दल. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला, तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. पण नोंदणी काम करण्याआधी हवी. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्या मालकानं पॅन आणि तसं लेखी निवेदन दिलं, तर भाड्यातून टीडीएसही कापला जात नाही. उद्यम नोंदणी आणि हे निवेदन, ही दोन कागदपत्रं प्रत्येकाच्या केबिनमध्ये असलीच पाहिजेत.

आपण सगळ्यांनी मिळून इथूनच एक किमान दर जाहीर करावा, ही मागणी माझ्यापर्यंत आली आहे. त्यामागची तळमळ माझीही आहे. पण व्यावसायिकांनी संगनमतानं दर ठरवायला २००२ चा स्पर्धा कायदा मनाई करतो. त्या वाटेनं गेलो, तर आपली संघटनाच अडचणीत येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ नं मात्र मालवाहू गाड्यांचं किमान आणि कमाल भाडं ठरवण्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे. तेव्हा खर्चाचा पुरावा घेऊन शासनाकडे जाऊ या आणि या कलमाचा विचार करायला लावू या. तो पुरावा आपल्या प्रत्येकाच्या वहीतूनच उभा राहणार आहे.

म्हणून या अधिवेशनानं तीन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक सभासद किलोमीटरचा खर्च लिहून ठेवील. प्रत्येक जिल्ह्यात उद्यम नोंदणी आणि थकबाकीच्या तक्रारींसाठी मदत केंद्र उघडेल. आणि हॉल्टिंगची लेखी अट घातल्याशिवाय कोणी गाडी लावणार नाही. दर ज्याचा त्यानं ठरवावा. पण तोट्याचं भाडं नाकारताना आपला भाऊ एकटा पडला, तर त्याच्यामागं उभं राहणं हे आपल्या सगळ्यांचं काम आहे. त्या कामाला आपण आजपासून लागू या.

जय हिंद, जय महाराष्ट्र!