प्लाझ्माची कड आणि परभणीची मुले
(स्वागताध्यक्षीय भाषण)



‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे इथे लहानथोरांच्या तोंडी असते, आणि आज ते म्हणताना मला विशेष आनंद होतो, कारण या परिषदेच्या विषयाचे मूळ जर्मनीतच आहे. 1982 साली म्युनिकजवळच्या गार्शिंगमध्ये, ॲस्डेक्स या टोकामॅकवर फ्रिट्झ वॅग्नर आणि त्यांचे सहकारी प्लाझ्मा तापवत होते. तापवण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे गेली आणि प्लाझ्मातून होणारी गळती एकाएकी घटली. उष्णता जवळपास दुप्पट काळ टिकू लागली. बदल झाला होता तो प्लाझ्माच्या कडेला, जेमतेम काही सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्यात.

समोर बसलेल्या प्रथम वर्षाच्या मुलामुलींसाठी थोडे थांबून सांगतो. टोकामॅक म्हणजे अणुसंमीलनासाठी प्लाझ्मा, म्हणजे तप्त आयनित वायू, धरून ठेवणारे कड्याच्या आकाराचे निर्वात पात्र. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर या टोकामॅकमध्ये प्लाझ्माचे तापमान पंधरा कोटी अंशांपर्यंत न्यायचे आहे. इतका तप्त प्लाझ्मा भिंतीपासून दूर धरतात चुंबकीय क्षेत्रे. कडेवर तो पट्टा तयार झाला की आतला दाब चढतो, तलावाला चांगला बांध घातल्यावर पाणी चढते तसा. पण बांध जितका उंच, तितका त्यावर ताण. कडेवरचा दाबाचा तीव्र उतार आणि तिथे वाहणारा विद्युतप्रवाह मिळून अस्थिरता निर्माण करतात आणि प्लाझ्मा अधूनमधून झटक्याने बाहेर फेकला जातो. या झटक्यांना ‘एल्म’ म्हणतात. लहान यंत्रे ते सोसतात. ईटरच्या आकाराला मात्र ते झेपणार नाहीत, तिथे टंगस्टनची भिंतच वितळेल. म्हणून सांडवा हवा. ईटरच्या पात्रात त्यासाठी 27 चुंबकीय वेटोळी योजली आहेत. कडेचे क्षेत्र ती किंचित विस्कटतात, थोडी थोडी गळती चालू ठेवतात आणि दाब फुटण्याच्या पातळीखाली राहतो. गळती किती ठेवायची, हाच कळीचा प्रश्न. जास्त झाली तर इतक्या कष्टाने मिळवलेली उष्णताच निघून जाते.

1955 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी दोन दशकांत नियंत्रित अणुसंमीलन साधेल असे भाकीत केले होते. ते लांबले, त्यात या कडेचाही वाटा आहे.

भारताने या कडेकडे उशिरा पाहिले असे कोणी समजू नये. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ टोकामॅक 1989 पासून चालला. त्याच्या कडेवरच्या खळबळीत अधूनमधून उसळणारे झोत असतात, हे प्रेधिमन काव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये मांडले. ते यंत्र मोठे नव्हते. पण मोजमाप चोख होते, आणि मला या कामाचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो यासाठीच.

हीच संस्था आता आपल्या दारात येत आहे. 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतली निर्वात यंत्रणा प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे. टोकामॅकसाठी कमावलेले निर्वाताचे ज्ञान गोदावरीच्या खोऱ्यात उतरते आहे. जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या मुलांनी ते शिकायचे नाही, तर कोणी?

परभणीचे नाव शेतकऱ्यांच्या बांधावर पोचले ते आमच्या कृषी विद्यापीठाच्या वाणांमुळे. ‘परभणी मोती’ ज्वारीची भाकरी आज आपल्या पानात असेल. त्या वाणांमागे प्रयोगाच्या शेतात वर्षानुवर्षे नोंदी घेणारी माणसे आहेत. अशा चिकाटीची मुले आमच्या वर्गात आजही आहेत. त्यांच्याकडे टोकामॅक नाही, पण कडेच्या संकेतांचे विश्लेषण करायला संगणक आणि मार्गदर्शक पुरेसा असतो.

म्हणून पाहुण्यांना एकच विनंती. दुपारी शेजारच्या दालनात विद्यार्थी आपली भित्तिपत्रके घेऊन उभे राहतील. त्यांना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारा, आणि ज्याचे उत्तर पटेल त्याला उन्हाळ्यात आपल्या प्रयोगशाळेत बोलवा. प्रवासखर्चाची व्यवस्था स्वागत समिती करेल.

परिषदेला सुरुवात व्हावी.