सांभर सरोवराचा धडा : प्रशिक्षित स्वयंसेवकांचे मोल



जयपूरच्या नैर्ऋत्येस असलेले सांभर हे देशातील सर्वांत मोठे अंतर्देशीय खाऱ्या पाण्याचे सरोवर होय. १९९० मध्ये त्यास रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा प्राप्त झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये येथे अठरा हजारांहून अधिक पक्षी मृत्युमुखी पडले. बरेली येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने ‘बोट्युलिझम’ असे निदान केले.

या रोगाचे चक्र लक्षात घेण्याजोगे आहे. प्राणवायूविरहित वातावरणात विशिष्ट जिवाणू विष निर्माण करतात. मृत पक्ष्यावर पोसलेल्या अळ्यांना त्या विषाची बाधा होत नाही. मात्र त्या अळ्या खाणारे पक्षी लुळे पडतात आणि मान सावरता न आल्याने अनेकदा पाण्यात बुडतात. म्हणजेच, वेळीच न उचललेला प्रत्येक मृत पक्षी पुढील मृत्यूंना कारणीभूत ठरतो.

सांभर येथे शासकीय यंत्रणेबरोबर स्वयंसेवकांनीही मृत पक्षी गोळा करण्यास व आजारी पक्ष्यांच्या शुश्रूषेस हातभार लावला. तथापि, अशा कार्यात केवळ उत्साह पुरेसा नसतो. हातमोजे व मुखपट्टीचा वापर, मृत पक्ष्यांची नोंद व विल्हेवाट, लुळ्या पक्ष्याच्या चोचीत पाणी न ओतण्याची दक्षता आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ची जाण ही कौशल्ये संकटापूर्वीच शिकवावी लागतात.

अर्थशास्त्रीय दृष्ट्या स्वयंसेवा विनामोबदला असली तरी विनाखर्च नसते. वेळ, प्रवास, साहित्य व देखरेख यांचा भार कोणीतरी उचलतोच. निसर्गसंरक्षण ही सार्वजनिक वस्तू असल्याने तिचा लाभ सर्वांना मिळतो; म्हणूनच प्रशिक्षणाचा खर्च शासनाने करणे समर्थनीय ठरते. २००१-०२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हरित सेनेच्या शालेय मंडळांनी या दिशेने पाया घातला.

जयपूरला सरावाची संधी दरवर्षी लाभते. मकरसंक्रांतीस पतंगांच्या मांजाने पक्षी जखमी होतात व त्यांच्यासाठी उपचार शिबिरे भरतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली. परंतु बंदीची अंमलबजावणी लोकशिक्षणावाचून अपुरी राहते. अपेक्षित संकटात शिकलेला हात अनपेक्षित संकटातही उपयोगी पडतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क (छ) ने वन्यजीवांचे रक्षण हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. त्या कर्तव्यास कौशल्याची जोड देणे, हाच सांभरचा धडा होय.