आईचे कपडे, आईच्या सोयीचे

सकाळी डबे, शाळेची रिक्षा, मग ऑफिस. या घाईत कपाटासमोर उभं राहायला वेळ कुठला? म्हणून कपड्यांचं रविवारी निवांत ठरवा. रोज हात आपोआप ज्या कपड्यांकडे जातो, ते बाजूला काढा आणि त्यांचा रंग, गळा, बाही नीट पाहा. तुमची आवड तिथेच सापडेल.

कापड सुतीच बरं. खादी किंवा मंगळगिरी घाम टिपते आणि धुता धुता मऊ होत जाते. पण शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि नवाकोरा कुर्ता काखेत काचू लागतो. शिंप्याला बाजूच्या शिवणीत खोल खिसा ठेवायला सांगा, मोबाइल आणि किल्ली मावेल एवढा. दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवायलाही सांगा. बाळंतपणानंतर अंग कमी-जास्त होतं. माया असली की कुर्ता उसवून सैल करता येतो. बाळाला अंगावर पाजत असाल, तर पुढची बटणपट्टी छातीखालपर्यंत हवी.

आणि ‘बारीक झाले की घालेन’ म्हणून ठेवलेले कपडे खुशाल देऊन टाका. आज जे अंग आहे, त्याच मापाचं शिवून घ्या.