कायदा वाचणारी माणसे
(संस्थेच्या वार्षिक समारंभात कसाल येथे केलेले भाषण)



कायद्याचे शिक्षण म्हटले की आपल्याला काळा कोट आणि जमिनीची भांडणे एवढेच आठवते. परंतु कायद्याचा अभ्यासक कोर्टात उभा न राहताही सरकारचे धोरण बदलू शकतो. याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे.

1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, पोलीस ठाण्यातच एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, तेव्हा मुलीचा विरोध नव्हता, असा निष्कर्ष निघाला.

हा निकाल कायद्याच्या चार प्राध्यापकांनी बारकाईने वाचला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही त्यांची नावे. सप्टेंबर 1979 मध्ये त्यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यात शिवीगाळ नव्हती, मुद्दे होते. भीतीने मुकाट सोसणे म्हणजे संमती नव्हे. मुलीचे वय, गरिबी, कायद्याचे अज्ञान आणि पोलीस ठाण्याची दहशत यांचा विचार कोठे झाला, असे त्यांनी विचारले.

निकाल बदलला नाही. परंतु 1980 मध्ये स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या, त्याच वर्षी विधी आयोगाने 84 वा अहवाल दिला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीशी संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि आपली संमती नव्हती असे तिने कोर्टात सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरला. म्हणून मीही येथे ते घेतलेले नाही. 2024 मध्ये नवे कायदे आले, त्यांतही ही तत्त्वे कायम आहेत.

विद्यार्थी मित्रहो, त्या चौघांपाशी सत्ता नव्हती; वाचन होते आणि लिहिण्याचे धैर्य होते. पालकहो, मुलगी कायदा शिकू इच्छीत असेल, तर ‘कोर्टकचेरी आपल्याला कशाला?’ म्हणून तिला अडवू नका. देसाईगंजच्या मुलीची बाजू कोणीतरी अभ्यासाने मांडली, म्हणून पुढच्या मुलींना आधार मिळाला. असा अभ्यास करणारे चारजण आपल्या शाळेतूनही निघावेत, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.