वाढत्या अंगाचे कपडे : रशियातील मुलांच्या रोजच्या वेषाचा इतिहास



राजेरजवाड्यांचा, क्रांत्यांचा आणि युद्धांचा एवढा मोठा इतिहास असलेल्या देशाविषयी बोलताना मुलांच्या सदऱ्या-विजारींचा विषय कशासाठी निवडला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर साधे आहे. रशियासारख्या देशात, जिथे हिवाळा पाच-पाच महिने मुक्काम ठोकतो, तिथे मुलाच्या अंगावर काय आहे, यावर ते शाळेत जाणार की घरीच बसणार, खेळणार की आजारी पडणार आणि प्रसंगी जगणार की नाही, हे ठरत असे. म्हणून हा विषय शोभेचा नसून मुलाच्या जीविताचा आहे.

या इतिहासाची एक अडचण प्रथमच सांगितली पाहिजे. वस्तुसंग्रहालयांत मुलांचे जे जुने कपडे पाहावयास मिळतात, ते बहुधा राजपुत्रांचे, सरदारांच्या मुलांचे किंवा सणासुदीचे असतात. रोजचा कपडा जपून ठेवला जात नाही. तो थोरल्याचा धाकट्याला येतो, धाकट्याचा त्याच्याही धाकट्याला जातो. मग त्याची ठिगळे होतात आणि शेवटी त्याचे पोतेरे होते. त्यामुळे सामान्य मुलाच्या वेषाचा शोध घेताना लोकजीवनाच्या अभ्यासकांनी करून ठेवलेली टिपणे, चित्रकारांची चित्रे, छायाचित्रे आणि कथा-कादंबऱ्या यांचाच आधार घ्यावा लागतो.

1897 साली रशियन साम्राज्याची पहिली सार्वत्रिक शिरगणती झाली. त्या वेळी शेकडा 80 हून अधिक लोक खेड्यांत राहत होते. तेव्हा आरंभ खेड्यापासूनच करणे योग्य होईल. शेतकऱ्याच्या घरी मूल जन्मले की त्याला नव्या कपड्यात घेत नसत. मुलगा असेल तर बापाच्या आणि मुलगी असेल तर आईच्या वापरलेल्या सदऱ्यात त्याला गुंडाळीत. आईबापांची माया आणि बळ त्या जुन्या कापडातून मुलात उतरते, अशी समजूत होती. वारंवार धुतलेले जाडेभरडे कापड मऊ झालेले असते, हा व्यवहारही त्यामागे होताच. आपल्याकडे जुन्या लुगड्याच्या दुपट्यात बाळाला घेणाऱ्या आजीला हे कारण समजावून सांगावे लागणार नाही. त्यानंतर कापडाच्या लांब पट्टीने बाळाचे हातपाय सरळ करून त्याला घट्ट बांधून ठेवीत.

मूल चालू लागले की त्याच्या अंगावर एकच वस्त्र येई : ‘रुबाखा’, म्हणजे गुडघ्यांच्या खाली पोचणारा सैल सदरा. जवसाच्या किंवा भांगेच्या झाडाच्या सालीपासून काढलेला तंतू बायका हिवाळ्यात कातीत, घरच्या मागावर विणीत आणि त्याच कापडाचे सदरे शिवीत. मुलगा असो वा मुलगी, पाच-सहा वर्षांपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही मोठे होईपर्यंत, पोशाख हाच. मुलाला पहिली विजार मिळणे म्हणजे तो कामाला उपयोगी पडू लागल्याची खूण असे. सदऱ्यावर कमरेला बारीक पट्टा मात्र लहानपणापासून बांधीत. कारण पट्ट्यावाचून हिंडणे अशोभनीय तर होतेच, शिवाय पट्टा मुलाचे अरिष्टापासून रक्षण करतो, अशीही श्रद्धा होती.

पायांत ‘लापती’ असत. लिंडन झाडाच्या सालीच्या पट्ट्या विणून केलेली ही पादत्राणे घरीच तयार होत आणि लवकर झिजत. बर्फाच्या दिवसांत खरा उपयोग ‘वालेंकी’चा. मेंढीची लोकर भिजवून, दाबून आणि घोटून केलेला हा बिनशिवणीचा उंच बूट कोरड्या थंडीत पाय उत्तम ऊबदार ठेवतो. परंतु तो सालीच्या जोड्यासारखा फुकट होत नसे. गरिबाच्या घरी दोन-तीन मुलांत मिळून एकच जोड असे आणि एक मूल बाहेर गेले की बाकीच्यांना शेगडीजवळ बसून राहावे लागे. शाळा गावात असूनही हिवाळ्यात मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा दाराशी ठेवलेल्या त्या एका जोडाकडे पाहून मिळत असे.

सरदार-दरकदारांच्या घरांतील चित्र वेगळे होते. पीटर पहिला याने 1700 पासून फर्माने काढून उच्चवर्गीयांना व शहरवासीयांना युरोपीय पोशाख सक्तीचा केला; शेतकरी आणि धर्मगुरू यांना त्यातून वगळले. मोठ्यांचा वेष बदलला, तसा मुलांचाही बदलला. पण तो मुलांसाठी बेतलेला नव्हता. सहा वर्षांचा मुलगा म्हणजे जणू लहान आकाराचा दरबारी! तसाच घट्ट कोट आणि तशीच भरजरी बंडी. या रिवाजाला राजवाड्यातच एक सुखद अपवाद घडला. सम्राज्ञी कॅथरिन दुसरी हिने आपला नातू अलेक्झांडर (जन्म 1777) याच्यासाठी एक सलग, सैल पोशाख स्वतः योजला. तो एकदम अंगावर चढविता येई व पाठीमागे अडकविता येई. त्याचा तिला इतका अभिमान होता की 1781 साली ग्रिम या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तिने त्याची आकृतीही काढून पाठविली. मुलाला हातपाय हलवता यावेत असा सैल, सलग कपडा राजवाड्याने असा नव्याने शोधून काढला. खेड्यातील पोर तो पिढ्यान्‌पिढ्या घालीतच होते.

ह्याच कॅथरिनने 1764 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे मुलींसाठी स्मोल्नी विद्यालय स्थापिले. तेथे वयानुसार पोशाखाचा रंग ठरलेला असे : सर्वांत लहान मुलींना कॉफीच्या रंगाचा, पुढे निळा, मग करडा आणि शेवटी पांढरा. येथून पुढे शाळेचा गणवेष हा रशियन मुलाच्या जीवनातील एक मोठा विषय झाला. एकोणिसाव्या शतकात ‘गिम्नाझिया’ म्हणजे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलाला लष्करी थाटाचा कोट, पट्टा आणि बिल्ला लावलेली टोपी घालावी लागे. मुलींना तपकिरी पोशाख आणि त्यावर काळा एप्रन असे. हा वेष म्हणजे त्या कुटुंबाच्या प्रतिष्ठेची पाटीच असे आणि ज्यांना तो परवडत नसे, त्यांच्यावर नकळत बंद झालेले दारही असे.

येथे ललित साहित्याची साक्ष काढतो. टॉल्स्टॉयच्या ‘बालपण’ (1852) या कादंबरीतील मुलगा खेड्यातून मॉस्कोला येतो. तेथे त्याच्यासाठी अंगाबरोबर बसणारा कोट आणि मोठ्यांसारखी विजार शिवली जाते. खेड्यात कपडे वाढत्या अंगाचे शिवीत, इथे तसे नाही, याचा त्याला कोण आनंद होतो! जमीनदाराच्या घरीसुद्धा मुलाचा कपडा ‘वाढत्या अंगाचा’ शिवला जात होता, हे त्यावरून कळते. या अर्थाचा रशियन शब्दप्रयोग आणि आपला मराठी शब्दप्रयोग इतके तंतोतंत जुळतात की भाषांतर करणाऱ्याला तिथे काहीच करावे लागत नाही. उलट चेकॉव्हची ‘वान्का’ (1886) ही कथा पाहा. नऊ वर्षांचा वान्का मॉस्कोत एका चांभाराकडे उमेदवारी करीत आहे. मारहाण आणि उपासमार असह्य होऊन गावी पळून जावे, असे त्याला वाटते. पण पायांत बूट नाहीत आणि थंडीची भीती वाटते, असे तो आजोबांना पत्रात कळवितो. दिवसभर बुटांच्या दुकानात राबणाऱ्या मुलाच्या पायांत बूट नाहीत! त्याची कैद कुलपाची नाही, अनवाणी पायांची आहे. भाषांतरात ‘वालेंकी’, ‘लापती’ आणि कातडी बूट या तिन्हींना सरसकट ‘जोडे’ म्हटले, तर वाचकाच्या हातून श्रीमंती-गरिबीतील हे सारे अंतर निसटून जाते.

1917 च्या क्रांतीनंतर जुना शालेय गणवेष वर्गभेदाचे चिन्ह म्हणून 1918 मध्ये रद्द झाला. 1922 मध्ये पायोनियर संघटना स्थापन झाली आणि तिचा लाल रुमाल पुढे कोट्यवधी मुलांच्या गळ्यात आला. पण रुमाल नवा आला, तरी त्याखालचा सदरा बहुधा जुनाच होता. त्या वर्षांत कापडाचा तुटवडा होता; आईच्या जुन्या झग्याचा मुलीसाठी फ्रॉक व बापाच्या कोटाचा मुलासाठी कोट होत असे. मुलगे आणि मुली दोघेही लांब सुती मोजे घालीत आणि ते घसरू नयेत म्हणून सदऱ्याखाली बटणांची एक छोटी बंडी घालून तिच्या पट्ट्यांना ते अडकवीत. ही बंडी कित्येक दशके टिकली आणि त्या पिढ्यांतील बहुतेकांच्या आठवणींत ती तक्रारीच्या सुरात येते.

1941 ते 1945 या युद्धकाळात कापडाच्या गिरण्या सैन्याच्या गरजांना जुंपल्या गेल्या. मुलांसाठी नवे कापड जवळजवळ मिळेनासे झाले. जुने लष्करी डगले उसवून, कापडाची आतली बाजू बाहेर काढून, त्यांचे मुलांसाठी कोट शिवले गेले. ज्या घरचा कर्ता पुरुष परत आला नाही, त्या घरी त्याचा कपडा मुलाच्या अंगावर आला. जन्मलेल्या बाळाला बापाच्या सदऱ्यात घेण्याची जुनी रीत इतक्या दुःखद अर्थाने पुन्हा अवतरेल, असे कोणाला वाटले असेल?

1948 च्या सुमारास सोव्हिएत शाळांत गणवेष परत आला. मुलांना करडा लष्करी धर्तीचा अंगरखा, पट्टा आणि टोपी. मुलींना तपकिरी पोशाख व काळा एप्रन, समारंभाच्या दिवशी पांढरा. तीस वर्षांपूर्वी रद्द केलेल्या वेषाशी त्याचे साम्य कोणाच्याही नजरेत भरण्यासारखे होते. 1962 मध्ये मुलांचा अंगरखा जाऊन साधा करडा कोट व विजार आली आणि सत्तरीच्या दशकात निळा कोट आला. मुलींचा तपकिरी पोशाख मात्र दीर्घकाळ टिकला. त्याची पांढरी कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या वरचेवर उसवायच्या, धुवायच्या, इस्त्री करायच्या आणि पुन्हा टाचायच्या, हे काम घरोघरच्या आया व मुली करीत. मूल वाढले की खालची दुमड सोडली जाई.

1957 मध्ये मॉस्कोत ‘देत्स्की मीर’, म्हणजे ‘बालविश्व’, हे केवळ मुलांच्या वस्तूंचे भव्य दुकान उघडले. मुलांच्या तयार कपड्यांच्या किंमती सरकार मुद्दाम कमी ठेवीत असे. तरीही हवा तो माप-रंग मिळण्याची खात्री नसे. म्हणून घरचे शिवणयंत्र आणि विणकामाच्या सुया कधी अडगळीत गेल्या नाहीत. हातमोजे हरवू नयेत म्हणून दोन्ही मोजे एका नाडीने जोडून ती कोटाच्या बाह्यांतून ओवून घेण्याची युक्ती कोणत्याही कारखान्याची नव्हती, ती आयांची होती.

1991 मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. तुर्कस्तान व चीनमधून आलेले रंगीबेरंगी कपडे बाजारात दिसू लागले आणि 1994 मध्ये गणवेषाची सक्ती उठली. 2013 मध्ये अंमलात आलेल्या शिक्षणविषयक कायद्याने शाळांना वेषाचे नियम ठरविण्याचा अधिकार पुन्हा दिला. वेष कोणी ठरवावा, हा वाद तेथे अजूनही जुनाच आहे.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट मला दिसते. राज्यकर्त्यांनी मुलाला कधी लहान दरबारी, कधी लहान शिपाई, तर कधी भावी नागरिक म्हणून सजविले. आईने मात्र त्याला वाढणारे मूल म्हणूनच पाहिले आणि कापडात दोन बोटे जागा राखून ठेवली. पहिल्याची नोंद फर्मानांत सापडते, दुसऱ्याची सापडत नाही. बोग्दानोव्ह-बेल्स्की या चित्रकाराचे ‘शाळेच्या दाराशी’ हे 1897 मधील चित्र आपण पाहिले असेल. फाटक्या कपड्यांतील, सालीचे जोडे घातलेला एक खेडवळ मुलगा वर्गाच्या उंबरठ्यावर उभा राहून आत पाहत आहे. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. दिसतो तो त्याचा वेष. चित्रकाराने त्या मुलाची सारी कहाणी त्या कपड्यांवर सोपविली आहे. पुढे कधी एखादे रशियन पुस्तक वाचाल, तेव्हा त्यातील मुलाच्या अंगावर काय आहे, तेवढे थांबून पाहावे, इतकीच माझी विनंती आहे.